आयेंदेची खरी कारकीर्द सेनेटमधली : तीन वर्षांच्या राष्ट्राध्यक्षामागे पंचवीस वर्षांचा सेनेटर झाकला गेला आहे का?

पायवाट (चर्चाप्रस्ताव)

दर ११ सप्टेंबरला, म्हणजे १९७३ मध्ये चिलीत लष्कराने सरकार उलथवलं आणि राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू झाला त्या दिवशी, एकच फोटो फिरतो. सान्तियागोचा ला मोनेदा राजवाडा, डोक्यावर हेल्मेट, नजर वर आकाशाकडे, असा साल्वादोर आयेंदे (आपल्याकडे ‘अलेंदे’ असंही छापतात). त्या फोटोखाली दोन गट भांडतात. एका गटाला तो हुतात्मा वाटतो, दुसऱ्याला देश बुडवणारा. दोन्ही गट बोलतात ते मात्र १९७० ते १९७३ या तीनच वर्षांबद्दल.

मला त्याआधीच्या माणसाबद्दल बोलायचं आहे. १९३७ मध्ये वाल्पाराइसो आणि किल्योता इथून तो चिलीच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आला, तेव्हा त्याचं वय होतं २८. १९३९ ते १९४२ तो आरोग्यमंत्री होता. १९४५ मध्ये सेनेटमध्ये गेला आणि १९७० पर्यंत सलग २५ वर्षं तिथेच राहिला. डिसेंबर १९६६ पासून मे १९६९ पर्यंत सेनेटचा अध्यक्षही होता. एवढा काळ विधिमंडळात घालवलेल्या माणसाला आपण त्याच्या शेवटच्या सकाळीवरून ओळखतो, हे मला पटत नाही.

तो मुळात डॉक्टर. राजकारणामुळे सरळ नोकरी मिळेना, म्हणून वाल्पाराइसोत शवविच्छेदनं करत होता. मंत्री झाल्यावर १९३९ मध्येच त्याने चिलीच्या सामाजिक-वैद्यकीय परिस्थितीवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्या काळी चिलीत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेहून अधिक पहिल्या वाढदिवसाच्या आत जात. पुस्तकाचं म्हणणं असं, की क्षय आणि बालमृत्यू यांची मुळं मजुरी, जेवण आणि घर यांत आहेत, नुसत्या दवाखान्यांनी भागणार नाही. पुढे मंत्री असतानाच कामगार विमा कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक त्याने पुढे आणलं. ते मंजूर होऊन १९५२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहीपर्यंत अकरा वर्षं गेली. अकरा वर्षं एका विधेयकाला धरून बसायचं, सरकारं बदलली तरी सोडायचं नाही, याला मी मोठं काम म्हणतो.

दुसरी गोष्ट १९४८ सालची. राष्ट्राध्यक्ष गोन्सालेस विदेला कम्युनिस्टांच्या मतांवर निवडून आले आणि दोन वर्षांत त्यांनी त्याच पक्षावर बंदी घालणारा कायदा आणला. हजारो लोकांची नावं मतदारयादीतून उडाली. आयेंदेच्या स्वतःच्या समाजवादी पक्षातला एक गट त्या कायद्याच्या बाजूने गेला. त्याने सेनेटमध्ये उभं राहून विरोध केला, आणि तो करताना आपण कम्युनिस्ट नाही हेही स्पष्ट सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच : आयेंदेने चिलीला जे टिकाऊ दिलं ते सेनेटच्या बाकावरून दिलं, राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवरून नाही. विरोधी मतं जरूर मांडा.

कडुलिंब

विरोधी मत मांडतो, कारण धाग्यातला मुख्य दावाच मला चुकीचा वाटतो.

१९५२ चा आरोग्य कायदा आयेंदेच्या नावावर टाकणं हा इतिहासावर अन्याय आहे. त्यावर सही झाली ती याच गोन्सालेस विदेलांच्या कारकिर्दीत. मंत्री होते होर्हे मार्दोनेस रेस्तात. त्याआधी १९३८ मध्ये प्रतिबंधक वैद्यकाचा कायदा आणला तो एदुआर्दो क्रूस-कोके यांनी. तेही डॉक्टर, वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक आणि पक्षाने कॉन्झर्व्हेटिव्ह. कामगाराला आजार जडण्याआधी त्याची तपासणी करा, विश्रांती लागली तर पगारी द्या, ही कल्पना उजव्या बाजूच्या माणसाची होती. १९५२ चं विधेयकसुद्धा उजव्यांच्या मतांशिवाय पार पडलं नसतं. विहीर दहा जणांनी खणायची आणि पाटी एकाच्या नावाची लावायची, हे बरं नाही.

दुसरं, सेनेटर म्हणून तो काय करत होता? १९५२, १९५८, १९६४, १९७०, चार वेळा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. पहिल्या वेळी साडेपाच टक्क्यांच्या आसपास मतं पडली. सेनेटची जागा ही त्याच्यासाठी पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबायची जागा होती. मतदारसंघही बघा : १९४५ मध्ये दक्षिणेकडचा, १९५३ मध्ये थेट उत्तरेचं वाळवंट तारापाका-आन्तोफागास्ता, १९६१ मध्ये वाल्पाराइसो-आकोन्काग्वा, १९६९ मध्ये पुन्हा दक्षिण टोक. कुठल्या एका भागाचं प्रतिनिधित्व केलं म्हणायचं?

मोगरा

मी सार्वजनिक आरोग्यात काम केलं आहे, काही वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. म्हणून आधी त्या कायद्याबद्दल लिहिते, श्रेयाचं नंतर बघू.

१९२४ च्या जुन्या कायद्याने चिलीत कामगाराला विमा मिळाला होता. पण तो कामगाराला. घरी बायको बाळंत होतेय, मुलाला अतिसार झालाय, त्यांचं काय? त्यांच्यासाठी धर्मादाय इस्पितळं. लसीकरण आणि साथी बघणारं खातं वेगळं, माता-बाल संगोपनाचं वेगळं, नगरपालिकांचे दवाखाने वेगळे. एकाच गावात तीन-चार यंत्रणा आणि कुणाचा कुणाला पत्ता नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांना कळेल, की अशा वेळी बाई एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहते आणि मूल हातचं जातं. १९५२ च्या कायद्याने या सगळ्या यंत्रणा एका छताखाली आणल्या आणि कामगाराच्या बायको-मुलांनाही हक्क दिला. १९७० पर्यंत चिलीचा बालमृत्यूदर हजारी ८० च्या आसपास उतरला. त्यात पाणी, दूध, शिक्षण यांचाही वाटा आहे, पण घरापर्यंत पोचणारी एक सलग यंत्रणा नसती तर हे झालं नसतं.

कडुलिंबजी, क्रूस-कोके यांचं श्रेय तुम्ही सांगितलंत ते योग्यच, ते मोठे होते. पण त्यांचा कायदा होता विमेदार कामगारासाठी. कुटुंबाला आत घ्यायचं, हा मुद्दा आयेंद्यांनी मंत्रिपदावरून पुढे रेटला. शिवाय १९५२ चा कायदा होत होता त्या काळात ते डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचे, कोलेहियो मेदिकोचे, अध्यक्ष होते. सरकारी नोकर व्हायला डॉक्टर सहजी तयार होत नाहीत, कुठल्याच देशात. त्यांची समजूत काढणं हे मत देण्याहून अवघड काम असतं.

एक उणीव मात्र धागाकर्त्यांनी सांगितली नाही. पांढरपेशा नोकरदार या योजनेबाहेरच राहिले, त्यांची वैद्यकीय सोय वेगळी होती. म्हणजे मजुराचा दवाखाना आणि कारकुनाचा दवाखाना हा भेद चालूच राहिला. समाजवाद्याने लढवलेल्या कायद्यात ही फट राहावी, याचं मला वाईट वाटतं.

पायवाट

मोगराताई, मनापासून आभार. नोकरदारांचा मुद्दा मी वगळायला नको होता.

कडुलिंब, श्रेयाबद्दल तुमचं अर्धं मान्य. कायदा एकट्याचा नव्हता, ‘आयेंदेने उभी केली’ असं कुणी म्हणत असेल तर ते चूक. पण विधिमंडळात एकट्याचं असं काही नसतंच! विरोधकाच्या राज्यात, विरोधकाच्या मंत्र्याकडून, उजव्यांची मतं घेऊन आपलं विधेयक पार करून घेणं, यालाच मी संसदपटूचं कसब म्हणतो. तुम्ही जे त्याच्याविरुद्ध मांडलंत तेच मला त्याच्या बाजूचं वाटतं.

मतदारसंघांबद्दल सांगतो. १९६१ मध्ये वाल्पाराइसोची जागा डाव्यांसाठी अवघड समजली जात होती, सोपी जागा सोडून तो तिथे गेला आणि जिंकला. आणि चिली नकाशावर बघा, मिरचीसारखा लांबच लांब देश. उत्तरेचा सॉल्टपीटरचा खाणकामगार, बंदरातला हमाल आणि चिलोए बेटावरचा बटाटे पिकवणारा शेतकरी, या सगळ्यांकडे मत मागायला जाऊन आलेला दुसरा नेता त्या काळात शोधावा लागेल.

शिवाय १९५८ विसरू नका. त्या वर्षी दोन सुधारणा झाल्या. कम्युनिस्टांवरची बंदी उठली आणि सरकारने छापलेली एकच मतपत्रिका आली. तोवर प्रत्येक पक्ष आपापली मतपत्रिका छापून वाटत असे. जमीनदार आपल्या कुळांच्या हातात घडी घातलेली पत्रिका ठेवायचा आणि गाडीत भरून मतदानाला न्यायचा. मत विकत घेणं आणि विकत घेतलेलं पडलं की नाही हे तपासणं, दोन्ही सोपं होतं. एका कागदाने ते मोडलं. ख्रिश्चन डेमोक्रॅट, रॅडिकल आणि समाजवादी तेव्हा या कामासाठी एकत्र आले होते.

उभाआडवा

अवांतर आहे, पण राहवत नाही. ऑगस्ट १९५२ मध्ये, म्हणजे तो आरोग्य कायदा अमलात येत होता त्याच दिवसांत आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक महिन्यावर आली असताना, आयेंदे आणि रॅडिकल पक्षाचे सेनेटर राउल रेतिग यांच्यात सभागृहातल्या शब्दांवरून पिस्तुलांचं द्वंद्वयुद्ध झालं. खरोखरचं. दोघांचेही नेम चुकले.

हेच रेतिग पुढे, लोकशाही परत आल्यावर, लष्करी राजवटीतल्या हत्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष झाले. १९९१ च्या अहवालात मृत आणि बेपत्ता मिळून २,२७९ जणांची नोंद आहे. ज्याच्यावर एकदा गोळी झाडली त्याच्या माणसांचा हिशेब म्हातारपणी या माणसाने गोळा केला. आयेंदेबद्दल काहीही मत असो, त्या जुन्या सेनेटमधली माणसं काय मातीची होती ते यातून दिसतं.

चंद्रकोर

धाग्यात १९६६ ते १९६९ हा काळ एका ओळीत उरकला आहे. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे आणि आयेंदे तिथे कमी पडला.

जानेवारी १९६७. राष्ट्राध्यक्ष एदुआर्दो फ्रेई यांना अमेरिका दौऱ्यावर जायचं होतं. चिलीच्या तेव्हाच्या राज्यघटनेनुसार देशाबाहेर जायला काँग्रेसची (म्हणजे चिलीच्या संसदेची, दोन्ही सभागृहांची) परवानगी लागे. सेनेटने ती नाकारली, उजवे आणि डावे एकत्र येऊन. आयेंदे तेव्हा नुकताच सेनेटचा अध्यक्ष झाला होता. फ्रेई काही हुकूमशहा नव्हता. जमीन सुधारणा करत होता, खाणींमध्ये सरकारचा हिस्सा वाढवत होता. त्याला नुसता अपमानित करण्यासाठी जमीनदारांच्या पक्षाबरोबर मत टाकायचं?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चियान शहरातल्या अधिवेशनात समाजवादी पक्षाने क्रांतिकारी हिंसा अटळ आणि न्याय्य आहे असा ठराव केला. आयेंदे पक्षात राहिला. फेब्रुवारी १९६८ मध्ये चे गेव्हाराच्या तुकडीतले वाचलेले लोक बोलिव्हियातून चिलीत आले, तेव्हा त्यांना देशाबाहेर सुखरूप पोचवायला सेनेटचा अध्यक्ष स्वतः ताहितीपर्यंत गेला. माणुसकी म्हणून मला ते समजतं. पण सभागृहाचा अध्यक्ष सगळ्यांचा असतो. एका हाताने कायद्याचं पुस्तक धरायचं आणि दुसरा हात बंदूकवाल्यांच्या खांद्यावर ठेवायचा, यातून समोरच्यांनी काय समजायचं? १९७३ ला जो अविश्वास दिसला त्याचं बी इथे पेरलं गेलं.

मोगरा

चंद्रकोर, ताहितीच्या बाबतीत मी असहमत आहे. ती माणसं बोलिव्हियाच्या हाती पडली असती तर त्यांचं काय झालं असतं हे चे गेव्हाराच्या बाबतीत चारच महिन्यांपूर्वी जगाने पाहिलं होतं. ज्याच्या पदामुळे जीव वाचू शकतात त्याने ते पद वापरावं.

चियानच्या ठरावाबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते मला बोचतं. एक गोष्ट त्यात जोडते : त्या ठरावाच्या बाजूच्या लोकांना आयेंदे फार जुनाट, फार संसदीय वाटायचे. १९६९ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने त्यांना उमेदवारी दिली तेव्हा त्यांच्या बाजूच्या मतांपेक्षा तटस्थ राहिलेल्यांची संख्या जास्त होती. बाहेरच्यांना ते बंदूकवाल्यांचे वाटत होते आणि घरच्यांना सभागृहातले. हे एकटेपण मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत दिसतं.

कडुलिंब

आता मूळ दाव्यावर येतो. पायवाट म्हणतात, टिकाऊ ते सेनेटमधून दिलं, खुर्चीवरून नाही. मग तांब्याचं काय? ११ जुलै १९७१ ला मोठ्या तांब्याच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा आयेंदे राष्ट्राध्यक्ष होता. लष्करी राजवटीचा प्रमुख पिनोचे याने बाकी सगळं उलटवलं, पण त्या खाणी सरकारकडेच ठेवल्या. १९७६ मध्ये त्यांची कोदेल्को कंपनी केली आणि ती आजही सरकारी आहे. उलट तुमची लाडकी राष्ट्रीय आरोग्य सेवा १९७९ मध्ये मोडून २७ तुकडे केले गेले. म्हणजे खुर्चीवरचं टिकलं आणि सेनेटमधलं गेलं. तुमचा दावा नेमका उलटा पडतो.

पायवाट

कडुलिंब, यावर दोन दिवस विचार केला. तुमचा घाव वर्मी बसला आहे, म्हणून दावा बदलतो.

तांब्याची घटनादुरुस्ती काँग्रेसमध्ये एकमताने मंजूर झाली. उजव्या पक्षाने सुद्धा बाजूने मत दिलं. आयेंदेच्या आघाडीकडे २०० पैकी ८० च्या आसपासच जागा होत्या. म्हणजे खुर्चीवर बसून त्याने केलेलं हे सगळ्यात सेनेटरसारखं काम होतं. म्हणून आता असं म्हणतो : त्याने जे सभागृहातून, समोरच्याची मतं मिळवून केलं, ते मोडणं अवघड गेलं. आरोग्य सेवेचे तुकडे झाले खरे, पण इस्पितळं सरकारकडेच राहिली, आणि आजही बहुसंख्य चिलियन लोक सरकारी आरोग्य विम्यातच आहेत. जे त्याने सभागृह टाळून केलं ते लष्करी राजवटीच्या पहिल्या वर्षातच उलटलं.

सभागृह टाळून केलेल्या गोष्टीत मी मुख्यतः कारखाने धरतो. १९३२ मध्ये चिलीत सुमारे शंभर दिवसांची ‘समाजवादी प्रजासत्ताक’ राजवट आली होती. तिने काढलेला ५२० क्रमांकाचा एक हुकूमनामा कुणी रद्दच केला नव्हता. टंचाईच्या काळात कारखाना सरकारने ताब्यात घ्यावा अशी तरतूद त्यात होती. सरकारच्या कायदेतज्ज्ञांनी तो धूळ झटकून बाहेर काढला आणि त्याच्या आधारे कारखाने घ्यायला सुरुवात केली. ज्या माणसाने पंचवीस वर्षं विधेयकांची कलमं चाळली, त्याला माहीत असणार की असा कागद कोर्टात चालेल पण सभागृहाला गिळवणार नाही. इथे मी त्याचा बचाव करत नाही.

चंद्रकोर

हा बदललेला दावा मला जास्त पटतो, तरी पूर्ण नाही. फ्रेईचा १९६७ चा जमीन सुधारणा कायदाही काँग्रेसमधून रीतसर मंजूर झाला होता. लष्करी राजवटीने बरीच जमीन जुन्या मालकांना परत दिलीच की. बंदूक हातात असली की कायदा कसा पास झाला होता हे कुणी विचारत नाही. तांबं टिकलं कारण त्याच्या पैशावर लष्कराचाही डोळा होता, तांब्याच्या निर्यातीतला वाटा शस्त्रखरेदीला जाईल असा कायदाच १९५८ पासून होता. एकमताने झालं म्हणून टिकलं, हे सिद्ध होत नाही.

पायवाट

शस्त्रखरेदीचा मुद्दा मी धरला नव्हता. तो महत्त्वाचा आहे, मान्य.

कडुलिंब

पायवाट, तुम्ही दावा बदललात याचा मला आदर वाटतो, म्हणून शेवटचं आणि मला सगळ्यात जास्त सलणारं लिहितो.

फेब्रुवारी १९७२ मध्ये काँग्रेसने आमिल्तोन आणि फुएन्तेआल्बा या दोन ख्रिश्चन डेमोक्रॅट सेनेटरांची घटनादुरुस्ती मंजूर केली. कोणता उद्योग सरकारी होणार, कोणता खाजगी राहणार, हे यापुढे कायद्यानेच ठरेल, हुकूमनाम्याने नाही, असा तिचा गाभा. आयेंदेने तिच्यावर नकाराधिकार वापरला. तो नकार उलटवायला साधं बहुमत पुरेसं की दोन-तृतीयांश हवं, यावर सरकार आणि काँग्रेस यांचं जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. २२ ऑगस्ट १९७३ ला कनिष्ठ सभागृहाने ८१ विरुद्ध ४७ मतांनी सरकारवर घटनाभंगाचा ठपका ठेवला, त्याच्या मुळाशी हा वाद होता.

समोर कोण होतं बघा. हीच ती ख्रिश्चन डेमोक्रॅट मंडळी, ज्यांनी निवडणुकीत कुणालाच बहुमत न मिळाल्यावर २४ ऑक्टोबर १९७० ला काँग्रेसमध्ये त्याला मतं दिली आणि १५३ विरुद्ध ३५ ने राष्ट्राध्यक्ष केलं. फुएन्तेआल्बा तर त्या पक्षातल्या मवाळ गटातले. या माणसांना आयेंदे वर्षानुवर्षं ओळखत होता, त्यांच्या शेजारी बसला होता. जून १९७२ मध्ये बोलणी झाली, मसुदे इकडून तिकडे गेले, बऱ्याच मुद्द्यांवर एकमतही झालं होतं. मग बोलणी थांबली.

अकरा वर्षं एक विधेयक धरून बसणारा माणूस तुम्ही धाग्याच्या सुरुवातीला दाखवलात. तो माणूस जून १९७२ मध्ये त्या टेबलावर आणखी पंधरा दिवस का बसला नाही?

मोगरा

कारण त्या टेबलावर तो एकटा नव्हता, कडुलिंबजी. मागे त्याचा पक्ष उभा होता, चियानचा ठराव हातात घेऊन. सेनेटर असताना तो पक्षाशी भांडून बाहेर पडू शकत होता. १९५२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी पक्षाने जनरल इबान्येस यांना पाठिंबा दिला तेव्हा तो बाहेर पडलाच होता, आणि त्यांच्याविरुद्ध स्वतः निवडणूक लढला होता. राष्ट्राध्यक्षाला तसं बाहेर पडता येत नाही.

कडुलिंब

१९५२ चा दाखला चांगला दिलात. मग माझा प्रश्न असा उरतो, की तेव्हा साडेपाच टक्के मतांवर त्याला जे जमलं, ते १९७० मध्ये मिळालेल्या छत्तीस टक्क्यांवर का जमू नये.